साठपर्यंत

टाचणीचं निळं डोकं तेवढं तिच्या नखात आलं आणि दांडी नकाशातच रुतून राहिली… चौथ्या वॉर्डात, जुन्या पोस्टामागच्या गल्लीवर, केसाएवढा लोखंडी काटा. तिनं तो नखानं ओढून पाहिला, पट्टीच्या कडेनं उचकटून पाहिला. तो काही जागचा हलेना. एक टाचणी म्हणजे शंभर माणसं. ही पद्धत तिच्या आधीची, कॉम्प्युटर येण्याच्या कितीतरी आधीची — कुणा हौशी अधिकाऱ्यानं भिंतीवर नकाशा लावून सुरू केलेली, आणि नगरपालिकेत एकदा सुरू झालेली गोष्ट बंद करायला लेखी आदेश लागतो, तो कुणी काढला नाही म्हणून अजून चालू असलेली. दर पाच वर्षांनी मोजणी झाली की टाचण्या काढायच्या, टाचण्या खोचायच्या. ती नोकरीला लागली तेव्हा चौथ्या वॉर्डात बावन्न टाचण्या होत्या. आता वीस होत्या, आणि विसावी आज काढायची होती. काढलेल्या टाचण्यांची भोकं मात्र कागदावर तशीच होती. हमरस्त्याच्या पलीकडे, जिथं पूर्वी नुसती पाणथळ जमीन होती, तिथं उंच इमारती झाल्या होत्या आणि टाचण्यांची डोकी एकमेकांना घासत होती. शिपाई म्हणायचा, "बाई, तिकडं आता खिळेच ठोकावे लागतील."

तिनं काटा तसाच राहू दिला. दोन हजार माणसं असली तर वॉर्ड, नसली तर नाही — नियम इतका सरळ. मोजणीत चौथ्या वॉर्डाची माणसं निघाली एक हजार नऊशे शहाहत्तर. चोवीस कमी. चोवीस माणसांसाठी अख्खा वॉर्ड पलीकडच्या इमारतींच्या वॉर्डात विरघळणार. त्याच्याबरोबर पोस्टामागचा दवाखाना, आठवड्यातून दोनदा म्हाताऱ्यांना घरून आणणारी गाडी, सगळं हमरस्त्याच्या पलीकडे. आठ पदरी हमरस्ता. जिना चढून पूल ओलांडायचा आणि जिना उतरायचा… गुडघे असतील त्यानं. आणि या सगळ्यावर एकच हरकत आली होती, तिची सुनावणी आज अकरा वाजता, आणि हरकत घेणारे होते तिचे सासरे.

सकाळी सहालाच त्यांनी दाढी केली होती. मग आठला पुन्हा केली. पंचवीस वर्षं, पाच निवडणुका, चौथ्या वॉर्डाचे सभासद राहिलेला माणूस. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी कोट अजून सभेला निघाल्यासारखा झटकून घालायचा. चहाचा कप ठेवताना थोडा चहा टेबलावर सांडला, तेव्हा तिनं मुद्दाम पाहिलं आणि त्यांनी पाहिलं की तिनं पाहिलं.

"सूनबाई, आज तुला विचारतील."

"हो मामंजी."

"काय विचारतील माहितेय ना? माणसाला दारापर्यंत यायला किती वेळ लागतो. तुझ्या घरात म्हातारा माणूस आहे, तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार? खरं तेच सांग. बाकी काही नको."

खरं तेच. तिला हसू आलं होतं, ते तिनं बशीत ओतलं. हा माणूस खरं तेच सांग म्हणतोय — आणि तेही विनंती म्हणून नाही, हुकूम म्हणून, जसं तीस वर्षांपूर्वी म्हणाला होता, उद्यापासून नगरपालिकेत जायचं, मी बोललोय. बोललोय. या एका शब्दावर तिची अख्खी नोकरी उभी होती. कुणी पाहुणा आला की चहा ठेवायला ती आत वळायच्या आत मागून ऐकू यायचं, "सून आमची. मीच चिकटवली तिथं." तिकीट चिकटवावं तशी. पुढं परीक्षा दिल्या, बढत्या मिळवल्या, मोजणी विभाग एकटीनं चालवला, गावभर मोजणीबाई म्हणून ओळखली जाऊ लागली… तरी घरात पाहुणा आला की ती पुन्हा चिकटवलेली.

साठ. हा आकडा तिचा होता. मोजणीच्या आधी साहेबांनी, म्हणजे मुख्याधिकाऱ्यांनी, तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान आणि नेहमी कुठंतरी जायची घाई असलेल्या, सहज विचारलं होतं, "बाई, बेल वाजवल्यावर मुलींनी किती वेळ थांबायचं? सूचनापत्रात घालू." तिनं क्षणाचाही विचार न करता म्हटलं होतं, "मनात साठपर्यंत मोजावं. उघडलं नाही तर परत यावं. तीन दिवस तीन वेळा. मग पिवळी चिठ्ठी." पिवळी चिठ्ठी म्हणजे 'घर बंद'. घर बंद म्हणजे शून्य माणसं. साहेब म्हणाले, छान, सुटसुटीत. आणि तिनं सूचनापत्र टाइप केलं. क्षणाचाही विचार न करता? असं ती स्वतःला सांगत आली होती खरी. गोल आकडा, तोंडात आला, बोलून गेले…

पण मग रोज संध्याकाळी दाराबाहेर उभी राहून ती काय मोजत होती?

पर्समध्ये किल्ली असते. आतल्या कप्प्यात, रुमालाखाली, हाताला लगेच लागते. तरी ती बेल वाजवते. सुरुवात कधी झाली आठवत नाही. एकदा खरंच किल्ली सापडली नव्हती, मग एकदा हातात पिशव्या होत्या, मग एकदा काहीच कारण नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलंय चालायला, तेवढंच चालणं होतं — असं ती शेजारणीला म्हणाली होती, आणि शेजारीण म्हणाली होती, किती काळजी घेता हो. आत खुर्ची करकरायची. मग बराच वेळ काही नाही. तो उठण्याचा वेळ. मग सपाता. एक घासत, एक उचलत. भिंतीला हात टेकल्याचा आवाज. मग पुन्हा सपाता. ती दाराला कपाळ लावून मोजायची. तीन वर्षांपूर्वी ऐंशी व्हायचे. मग शंभर. मागच्या हिवाळ्यात एकशे चाळीस. दार उघडून ते घामाघूम उभे असायचे आणि ती म्हणायची, "अरेच्चा, झोपला होतात का?" आणि ते कधीच म्हणायचे नाहीत की मला उठवत नाही. "वाचत होतो," म्हणायचे. दोघंही खोटं बोलत आणि मग ती भाजी चिरायला घ्यायची. तेव्हा तिला जे वाटायचं त्याला नाव द्यायचं तिनं टाळलं होतं. आज देऊन टाकावं. बरं वाटायचं. दिवसभराच्या थकव्यानंतर गरम पाण्यात पाय सोडल्यावर वाटतं तसं बरं.

म्हणजे सूचनापत्र टाइप करणाऱ्या बाईला नक्की ठाऊक होतं की चौथ्या वॉर्डात साठात कोण दार उघडेल आणि कोण नाही. तरुण माणसं तिथं उरलीच कुठं होती? आधी मुलं गेली, मग ज्यांना मुलांनी बोलावलं ते गेले, आणि उरले ते, ज्यांना कुणी बोलावलं नाही. मोजणीच्या मुली बिचाऱ्या प्रामाणिक. साठ म्हणजे साठ. आत कुणीतरी खुर्चीतून उठत असे, आणि मुली चिठ्ठी चिकटवून पुढच्या दाराशी गेलेल्या असत. पलीकडे इमारतींत मुली वरही गेल्या नव्हत्या; फाटकावरच्या रखवालदारानं यादी दिली ती खरी. घर विकत घेऊन वर्षभरात तिथं पाऊलही न ठेवलेली माणसं त्या यादीत बायकापोरांसह हजर होती. तिला तेही ठाऊक होतं. कुणी विचारलं नाही, ती मूग गिळून बसली.

आणि हजर म्हणाल तर… हजर हा शब्द तिनं एकदा स्वतःच्या हातानं लिहिला होता.

नवरा गेला तेव्हा ती तिशीची होती. समुद्रापलीकडे नोकरी, सहा महिन्यांत बोलावतो, असं म्हणून गेला. एक पत्र आलं, त्यात हवेविषयी होतं. तो परत येणार नाही हे तिला तिसऱ्या महिन्यात कळलं. मामंजींना कळलं असेलच, पण त्यांनी ते कळून घेतलं नाही. चारचौघांत म्हणायचे, "मुलगा कामावर गेलाय." घरात म्हणायचे, "एक माणूस टिकवता आलं नाही तुला." मग मोजणी आली. घरातल्या टेबलाशी ती स्वतःच मोजणीची नोंदवही घेऊन बसली होती, आणि मामंजी पाठीशी उभे.

"लिही. हजर."

"मामंजी, पण ते तर—"

"घर कुणाचं आहे? माझ्या वॉर्डातला माणूस मी गैरहजर दाखवू? लोक काय म्हणतील? लिही."

तिनं लिहिलं. पाच वर्षांनी पुन्हा लिहिलं. मधल्या काळात जिल्ह्याच्या गावी नोंदणी कार्यालयात एक जागा निघाली होती — राहायला दोन खोल्यांसकट, एकट्या राहणाऱ्या स्त्रियांसाठी राखीव. तिनं अर्ज केला होता, कुणाला न सांगता. त्या दोन खोल्यांत खिडकीशी काय ठेवायचं हेसुद्धा ठरवलं होतं. अर्ज परत आला. 'अर्जदार पतीसह राहत असल्याचे नोंदवहीवरून दिसते.' सोबत नोंदवहीच्या पानाची नक्कल जोडलेली, तिच्याच सुवाच्य अक्षरात. तिनं ते पान मामंजींपुढं ठेवलं. त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचलं, आणि म्हणाले, "अक्षर चांगलं आहे तुझं."

बस. एवढंच. तेवीस वर्षं झाली त्याला.

*

साडेदहाला ती फाइल घेऊन निघाली तर जिन्यापाशी शिंपीकाका उभे. चौथ्या वॉर्डातले, अर्ध्या नगरपालिकेच्या बाह्या एके काळी त्यांनी शिवलेल्या. हातात कागदाची सुरळी. हरकतीची यादी त्यांनीच दारोदार फिरून केली होती: मोजणीच्या वेळी घरात असून 'बंद' ठरलेली त्रेचाळीस माणसं, प्रत्येकासमोर सही, नाहीतर अंगठा. मामंजींनी फक्त वर आपलं नाव घातलं होतं, ठळक.

"बाई, जरा बोलू का?"

"सुनावणीत बोला ना काका."

"तिथं सासरेबुवा बोलतील. मला जमत नाही तसलं." त्यांनी सुरळी या हातातून त्या हातात घेतली. "माझ्या बायकोला मोजा हो तेवढी. तिच्या पायाची जखम… दर दोन दिवसांनी बांधावी लागते. दवाखान्यातली नर्स बांधते, मला बांधता येत नाही, माझा हात लागला की ती ओरडते. ती घरातच होती हो. तिन्ही वेळा घरातच होती. तिसऱ्या वेळेला तर दाराशी पोचली होती, कडी काढत होती…"

"तुम्ही कुठं होतात?"

"दुधाला गेलो होतो." हे ते अशा स्वरात म्हणाले की जणू दूध आणणं हा गुन्हा होता.

तिला त्यांची दया आली. खरोखर आली. असं नव्हतं की तिला दया येत नव्हती. शिंपीकाकांची येत होती, त्यांच्या बायकोची येत होती, त्या त्रेचाळीसांपैकी एकेकाला वेगळं काढून पाहिलं तर त्याचीही येत होती. पण यादीच्या वर ठळक अक्षरात जे नाव होतं त्याच्याखाली ती सगळी माणसं तिला दिसेनाशी होत.

"बघू या," ती म्हणाली. नगरपालिकेत तीस वर्षं काढलेल्या माणसाचे हे दोन शब्द. शिंपीकाकांना त्यांचा अर्थ माहीत होता, तरी ते आशेनं हसले.

सभागृह तेच, जिथं मामंजी पंचवीस वर्षं बसले होते. समोर उंचावर साहेब, शेजारी ती फाइल उघडून, समोर रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा आणि त्यांत विखुरलेली पंधरा-सोळा पांढरी डोकी. चौथ्या वॉर्डाचे सध्याचे सभासद आले नव्हते. त्यांनी गेल्याच वर्षी पलीकडे इमारतीत घर घेतलं होतं. मामंजी शेवटच्या रांगेत, काठीवर दोन्ही हात ठेवून. दारातून कारकून आणि शिपाई डोकावत होते, जुन्या सवयीनं, म्हातारा आज काय बोलतो ते ऐकायला.

आणि म्हातारा बोलला. तिला मान्य करावं लागलं, अजून बोलतो. बसूनच बोलला, पण आवाज शेवटच्या खुर्चीवरून समोरच्या भिंतीपर्यंत पोचत होता. "साहेब, आमच्या वॉर्डात माणसं नाहीत असं नाही. आमच्या वॉर्डात माणसं हळू आहेत. हळू असणं म्हणजे नसणं, असा कायदा कधी झाला ते मला कळलं नाही. मी पंचवीस वर्षं इथं बसत होतो, माझ्या वेळी तरी झाला नव्हता." दारात कुणीतरी हसलं. साहेबही हसले. शिंपीकाका मान डोलवत होते. तिच्या लक्षात आलं की हा माणूस जिंकतोय. चार वाक्यांत जिंकतोय, जसा नेहमी जिंकत आला, आणि आता साहेब तिच्याकडं वळतील, आणि ती खरं तेच सांगेल, आणि संध्याकाळी कुणीतरी घरी येईल तेव्हा मागून ऐकू येईल, "सून आमची. तिनंच साक्ष दिली…"

"बाई, साठ पुरतात का?" साहेबांनी विचारलं.

एकशे चाळीस. जिभेवर होता आकडा. तो उच्चारला की काम झालं. फेरमोजणी, त्रेचाळीस माणसं, वॉर्ड, दवाखाना, शिंपीकाकांच्या बायकोचा पाय. एवढा स्वस्त आकडा. ती म्हणाली, "माणसामाणसावर आहे, साहेब."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांना बाराला दुसरी बैठक होती. मग एकदम खूश होऊन ते मामंजींना म्हणाले, "आपण प्रयोगच करून बघू ना! कशाला वाद? तुम्ही बसलाय तिथूनच उठा. मी टेबल वाजवतो, ती बेल समजा. ते दार म्हणजे तुमच्या घराचं दार. आणि बाई, नियम तुमचा, मोजा तुम्हीच. मोठ्यानं. साठाच्या आत आले तर नियम बरोबर, नाही आले तर हरकत बरोबर. मंजूर?"

"मंजूर," मामंजी म्हणाले.

शेवटच्या रांगेपासून दारापर्यंत वीस-बावीस पावलं. घरातल्या खुर्चीपासून दारापर्यंत जेवढी, साधारण तेवढीच. शिंपीकाका त्यांच्या कानाशी वाकले. हळू बोलत होते, पण सभागृह रिकामं, सगळं ऐकू येत होतं. "सावकाश बरं का. आज सावकाशच यायचंय. नेहमीसारखं." मामंजी दाराकडं पाहत होते. दारात ते शिपाई, ते कारकून, जे एके काळी हे आत आले की ताडकन उभे राहायचे. त्यांतला एक मोबाइल वर धरून उभा होता. मामंजींनी काठी शिंपीकाकांच्या हातात दिली.

"अहो, काठी कशाला—"

"नको मला."

साहेबांनी टेबलावर टकटक केली.

एक, दोन, तीन… तिचा आवाज तिला परका वाटला, शाळेतल्या बाईचा असतो तसा. सात. आठ. त्यांनी खुर्चीचे हात धरले. बारा. अंग पुढं झुकलं आणि परत मागं गेलं. कुणी हसलं नाही. पंधरा. दुसऱ्यांदा झुकले, आणि उठले, गुडघे पूर्ण सरळ न होता, समोरच्या खुर्चीच्या पाठीवर पंजा रोवून. एकोणीस. पहिलं पाऊल. वीस. एकवीस. हे तर घरच्यासारखंच चाललंय, तिच्या मनात आलं. या गतीनं साठाला ते दोन रांगांच्या मध्ये असतील, लोंबकळत. मग साहेब म्हणतील, हरकत बरोबर. हरकत बरोबर ठरायला या माणसाला दुसरं काहीच करायचं नव्हतं. फक्त जसं आहे तसं सगळ्यांदेखत असायचं होतं.

बावीस, ती म्हणाली आणि त्यांचा चेहरा तिला दिसला.

जबडा आवळलेला. डोळे दारावर, त्या मोबाइलवर. त्यांना वॉर्ड दिसत नव्हता, दवाखाना दिसत नव्हता. त्यांना पोचायचं होतं. साठाच्या आत पोचायचं होतं! भाषण एक करून आले आणि पाय दुसरंच मागत होते. तिला त्या क्षणी इतकं स्वच्छ दिसलं की अंगावर काटा आला. एवढंच हवंय याला. चालता येतं, म्हणवून घ्यायचंय. मी, जी रोज संध्याकाळी दाराला कपाळ लावून ऐकते, माझ्याशिवाय कुणाला कळणार हे?

हवंय ना? मग घ्या, मामंजी.

तेवीस, ती म्हणाली, पण मध्ये एक श्वास घेऊन. चोवीस… आणि एक पान उगीच उलटून. पंचवीस. कुणाच्या लक्षात येणार नाही इतकं, मग लक्षात आलं तरी बोलता येणार नाही इतकं. त्यांचं एक पाऊल, तिचा एक आकडा. ते थांबले की तिचा घसा खवखवे. दया होती का ही? तिनं प्रामाणिकपणे चाचपून पाहिलं, जसं पर्समध्ये किल्ली चाचपावी — नव्हती. दया जिन्यापाशी आली होती, ती निराळी. ही चव वेगळी होती. कुणाला बुडवायचं तर त्याला जे हवं ते द्यावं, ओंजळ भरून द्यावं, टाळ्यांसकट. एक्केचाळीस… बेचाळीस… शिंपीकाका उभे राहिले होते, काठी छातीशी धरून, आणि त्यांचे ओठ हलत होते. चौपन्न. पंचावन्न…… छप्पन्न. मामंजींचा हात हवेत पुढं आला.

"सत्तावन्न," ती म्हणाली, आणि त्यांचा पंजा दारावर पडला.

आधी शिपायानं टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. मोबाइलवाला म्हणाला, "वा दादा! अजून तरणे आहात!" साहेबसुद्धा दोन बोटांनी टाळ्या वाजवत होते. मामंजी दाराला टेकून उभे होते, तोंड उघडं, कपाळावरून घाम गळत, आणि हसत होते. असं हसताना तिनं त्यांना निवडणुकीच्या निकालांच्या दिवशी पाहिलं होतं.

"साहेब," शिंपीकाका म्हणाले. टाळ्या थांबायला वेळ लागला. "साहेब, बाईंनी हळू मोजलं."

"काय?"

"मी पण मोजत होतो मनात. माझे एकशे अकरा झाले. आयुष्यभर मापं घेतली मी साहेब, मोजण्यात माझी चूक होत नाही. बाई हळू मोजत होत्या… बावीसच्या पुढं."

सगळे तिच्याकडं पाहू लागले. तिनं पेन फाइलवर ठेवलं. आता साहेब पुन्हा मोजायला लावतील, घड्याळ लावून, आणि हा माणूस दुसऱ्यांदा दाराशी पोचणारच नाही, कदाचित वाटेत पडेल, आणि तेही… तेही चाललं असतं. साहेबांनी पुन्हा घड्याळ पाहिलं आणि दाराकडं वळून विचारलं, "हरकत तुमची आहे. तुम्ही सांगा. मोजण्यावर तुमची काही तक्रार?"

मामंजींनी दार सोडलं. आधाराशिवाय उभे राहिले, कोट खाली ओढला. शिंपीकाका त्यांच्याकडं पाहत होते. त्या पाहण्यात राग नव्हता, नुसती वाट होती. एक वाक्य. हो, हळू मोजलं, एवढंच.

"हळू?" मामंजी म्हणाले. "हळू कसलं? मी आलो ना साठाच्या आत? सगळ्यांनी पाहिलं." मग शिंपीकाकांकडं न बघता, "माझ्या सुनेनं मोजलंय. तक्रार कसली?"

"लिहा बाई," साहेब म्हणाले, आणि उठलेच. "हरकत विचारात घेतली, प्रत्यक्ष पडताळणी केली, फेटाळली."

तिनं लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

खुर्च्या सरकल्या, पांढरी डोकी एकेक करून दारातून बाहेर गेली. दारात मामंजी उभे असल्यानं प्रत्येकाला त्यांना वळसा घालून जावं लागत होतं. शिंपीकाकांनी काठी शेवटच्या खुर्चीवर आडवी ठेवली, यादीची सुरळी तिच्या टेबलावर ठेवली, नीट, कडा टेबलाच्या कडेशी जुळवून. "राहू दे तुमच्याकडं," म्हणाले, "मोजलेली माणसं आहेत." आणि गेले. दारातून जाताना ते मामंजींना म्हणाले, "पाय जपा." टोमणा नव्हता तो. तिनं कान देऊन पाहिलं, नव्हता.

मग सभागृहात ते दोघंच राहिले. तिला वाटलं होतं आता काहीतरी होईल आत. गार वाटेल, किंवा तेवीस वर्षांची ती नक्कल एकदाची कुठंतरी फाटेल. ती वाट बघत फाइलची नाडी बांधत राहिली. यांना अजून कळलेलं नाही, तिला वाटलं. रस्त्यात कळेल. नाहीतर परवा, गाडी येणार नाही तेव्हा. मी सांगेन. मामंजी, बावीसच्या पुढं मी तुम्हाला मोजतच नव्हते… कुठल्या शब्दांत सांगायचं ते ती जुळवू लागली, आणि ते जुळवताना पुन्हा तसंच बरं वाटू लागलं.

तिनं काठी नेऊन दिली. त्यांनी काठी घेतली नाही, तिचा दंड धरला. असा कधी धरला नव्हता. हात हलका होता आणि ओला होता.

"छान मोजलंस," ते म्हणाले.

तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली.

"मी ऐकत होतो. बावीस म्हणालीस, आणि मग थांबलीस." त्यांना दम लागला होता, शब्द तुटक येत होते. "मला कळलं. म्हटलं, थांबतेय पोरगी. पोचू देतेय." ते हसले. "वॉर्ड काय… जायचाच होता आज ना उद्या. पण त्या पोरांनी फोनमध्ये काढलं ना सगळं? काढलं असेल."

"काढलं," ती म्हणाली.

"त्या शिंप्याला काही कळत नाही."

तिनं जुळवलेले शब्द तोंडातच राहिले. सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. जे तिनं केलं ते त्यांना माहीत होतं, आणि ते त्यांनी घेतलं होतं, हात पुढं करून, मागच्या रांगांत कोण बसलंय हे बघूनसुद्धा. त्रेचाळीस माणसं त्यांनी टाळ्यांना विकली आणि तिनं… तिनं तर टाळ्याही मागितल्या नव्हत्या. टेबलावर सुरळी पडली होती. तिच्यात कुठंतरी शिंपीकाकांच्या बायकोचा अंगठा होता. दंडावरची ती ओली बोटं झटकून टाकावीत असं तिला वाटायला हवं होतं. तिनं वाट पाहिली, पण तसं वाटेना. ती त्यांच्या पावलाशी पाऊल जुळवत दाराकडं निघाली, एक घासत, एक उचलत, आणि लग्न होऊन एकतीस वर्षं झाल्यावर तिला पहिल्यांदा वाटलं की आपण याच घरातल्या आहोत.